मोरीचा पाइप गळतो तेव्हा

वस्तीत घरभेटीला गेलो की माणसांची चौकशी करता करता आम्ही मोरीच्या मागची भिंतही पाहून घेतो. खालच्या दोन फुटांत रंगाचे पोपडे सुटलेले असतात, कोपऱ्यात काळी बुरशी असते, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या मागून ओलसर लागतात. "इथे पाणी कुठून येते?" असे विचारले की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, "ते पूर्वीपासूनच येते, ताई." मग कळते की त्याच घरातले लहान मूल रात्री खोकते, आजीचा दमा पावसाळ्यात वाढतो आणि घरातली बाई दिवसातून दोनदा फडक्याने पाणी टिपून बादलीत पिळते. हे टिपणे तिच्या कामांत कोणी धरतही नाही.

गळका वेस्ट पाइप म्हणजे सांडपाण्याचा पाइप. ही आरोग्याची बाब आहे, म्हणून या पानावर त्याची दुरुस्ती लिहीत आहोत. प्लंबर बोलावला तर एका फेरीचे पैसे मोजावे लागतात, आणि छोट्या कामाला तो लवकर येतही नाही. यातली निम्मी कामे घरातली बाई किंवा शाळेत जाणारा मोठा मुलगाही करू शकतो. कोणती कामे करू नयेत, तेही पुढे सांगितले आहे.

आधी या पाण्याने काय होते ते पाहू. मोरीचे पाणी म्हणजे आंघोळीचे, भांड्यांचे, कपड्यांचे, आणि लहान मूल घरात असेल तर त्याचे लंगोट धुतलेले पाणी. ते भिंतीत मुरले तर बुरशी आणि ओल. ते गल्लीत साचले तर डास. घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात, तेच हत्तीरोग पसरवतात. डेंग्यूचा एडिस डास मात्र स्वच्छ साचलेल्या पाण्यातला. पण गळतीखाली ठेवलेली बादली, तिच्याशेजारचा फुटका टब, त्यात पावसाचे पाणी, असे करत त्याचीही सोय होते. उंदीर ओल्या भिंतीच्या पायथ्याशी बिळे करतात, आणि उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो, हे मुंबई-कोकणातल्या वाचकांना पावसाळ्यात वेगळे सांगायला नको.

पण आम्हाला सर्वांत मोठी काळजी पिण्याच्या पाण्याची वाटते. वस्तीत नळाचे अर्धा इंची पाइप गटारातून किंवा गटाराला लागून गेलेले असतात. पाणी येते दिवसातून एक-दोन तास. पाणी चालू असते तेव्हा नळाच्या पाइपात दाब असतो, त्यामुळे फुटलेल्या जागेतून पाणी बाहेर पडते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होऊ लागतो, दाब उतरतो, आणि त्याच फटीतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की पहिल्या हंड्यात ते आपल्या घरात येते. म्हणजे तुमच्या मोरीचे गळणारे पाणी जर शेजारच्या नळाच्या पाइपाभोवती साचत असेल, तर ते शेजाऱ्याच्या घागरीपर्यंत पोहोचू शकते. पटकी, विषमज्वर, जुलाब, कावीळ हे सगळे आजार याच वाटेने येतात. कावीळ होणाऱ्या विषाणूंपैकी ई प्रकारचा गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेततो. आमच्या नर्सिंगच्या नोकरीत कावीळ उतरवण्यासाठी गळ्यात माळ घालून, हातावर चुना लावून आलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. माळेने कावीळ उतरत नाही, आणि त्यात गेलेले चार दिवस परत येत नाहीत. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की थेट सरकारी रुग्णालय.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एक काम करा. आपल्या आणि शेजाऱ्याच्या नळाचा पाइप कुठून जातो ते डोळ्यांनी पाहा. तो गळतीच्या जागेजवळून जात असेल तर गळती थांबेपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळा किंवा आरोग्य केंद्रातून क्लोरिनच्या गोळ्या आणा. नळ सुटल्यावरचे पहिले गढूळ पाणी धुण्याभांड्याला वापरा.

गळती नेमकी कुठली?

गळती शोधण्यात उतावळेपणा चालत नाही. थेंब जिथून पडतो तिथेच पाइप फुटला आहे असे समजून लोक सिमेंट थापतात. पाणी पाइपाच्या बाहेरच्या अंगाने घसरत येते आणि सर्वांत खालच्या ठिकाणी थेंब धरते. फूट वर असते, थेंब खाली.

पहिला प्रश्न, पाणी नळाचे की सांडपाण्याचे? रात्री सगळ्यांच्या आंघोळी-भांडी झाल्यावर पाइप आणि भिंत कोरड्या फडक्याने पुसा आणि सकाळपर्यंत मोरीत थेंबही टाकू नका. सकाळी कोणी वापर करण्याआधी पाहा. भिंत तरीही ओली झाली असेल आणि घरात टाकीचे पाणी पाइपातून चालू असेल, तर नळाच्या पाइपाची शंका धरा. कोरडी राहिली आणि पहिल्या आंघोळीनंतर ओल आली, तर वेस्ट पाइप.

दुसरी तपासणी निळीची. पांढऱ्या कपड्यांना घालतो ती नीळ बादलीभर पाण्यात चांगली गडद कालवा आणि मोरीत एकदम ओता. एक माणूस वर, एक माणूस खाली पाइपाजवळ उभा करा. प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून ठेवा. ज्या जोडाची पट्टी सर्वांत आधी निळी होते तो दोषी.

तिसरी तपासणी जमिनीची. कधी कधी पाइप ठणठणीत असतो आणि पाणी लाद्यांच्या सांध्यांतून किंवा जाळीच्या कडेने मुरते. जाळीचे तोंड प्लास्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा भरून घट्ट बंद करा, मोरीत इंचभर पाणी साठवा आणि भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा. तासाभराने पातळी उतरली किंवा खाली ओल दिसली तर गळती जमिनीतून आहे. बोळा काढल्यावरच ओल येत असेल तर ती पाइपातून आहे.

निळीच्या तपासणीचा एक दुसरा उपयोगही आम्हाला वस्तीत काम करताना कळला. वरची खोली आणि खालची खोली यांच्यातली भांडणे बहुधा याच पाइपावरून होतात. खालचे म्हणतात तुमच्या मोरीचे पाणी, वरचे म्हणतात तुमच्याच भिंतीतली ओल. एका गल्लीत दोन घरांचे चार महिने बोलणे बंद होते. दोन्ही घरांच्या बायकांना समोरासमोर उभे करून नीळ ओतली, तर दोन्ही घरांचे जोड कोरडे निघाले. मग पाठीमागच्या घरात ओतली, आणि निळे पाणी यांच्या भिंतीच्या पायथ्याशी आले. आरोप करण्याआधी तपासावे, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या डोळ्यांदेखत तपासावे. पाच रुपयांच्या निळीत होते.

कामाला लागण्यापूर्वी

घरातल्या आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना सांगा की अमुक वेळेपर्यंत मोरी बंद. सांगितले नाही तर नेमका जोड उघडा असताना कोणीतरी वरून बादली ओतते. ओल्या भिंतीतून विजेची वायर गेली असेल तर मेन स्विच बंद करा. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असे कोणी सांगितले तर पाइपाचे काम बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा.

हातात रबरी मोजे घाला. हाताला जखम असेल तर झाकून घ्या, किंवा दुसऱ्याला काम करू द्या. गंजलेला पत्रा, करवत, खिळा लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

पाइप तुंबलेला असेल तर आधी तुंब काढा. तुंबलेल्या पाइपात पाणी उभे राहते आणि एरवी न गळणारा जोडही गळतो. जाळीखालचे केस, साबणाचा गाळ, तेलकट थर हाताने, तारेने किंवा रबरी पंपाने निघतो. इथे एक गोष्ट आम्ही जोर देऊन सांगतो. तुंब काढायला कोणी अ‍ॅसिड ओतते, ते निघाले नाही म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकते. या दोन्ही एकत्र आल्या की क्लोरिन वायू तयार होतो. छोट्याशा मोरीत, दार लावलेले असताना, तो छातीत जाऊन माणूस गुदमरतो. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एका दिवशी एका मोरीत नको. कॉस्टिक सोड्याचेही तसेच, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. उडालाच तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवत राहा आणि मग रुग्णालय. अ‍ॅसिडने लाद्यांमधले सिमेंटही खाल्ले जाते आणि पुढच्या वर्षीची गळती तयार होते.

पीव्हीसीचा जोड

वस्तीत वरच्या खोलीच्या मोरीला बहुधा अडीच-तीन इंची पीव्हीसी पाइप असतो. तो भिंतीबाहेर येतो, एल्बो घेऊन खाली उतरतो आणि गटारात सोडलेला असतो. गळती दहापैकी नऊ वेळा एल्बोजवळ. त्याचे कारण पाइप बसवणाऱ्याने केलेली घाई. अनेक ठिकाणी पाइप नुसता सॉकेटमध्ये खुपसून भोवती सिमेंट लावलेले असते. सिमेंट पीव्हीसीला धरत नाही. ते वाळले की कडेने बारीक चीर पडते आणि पाणी बाहेर येते. त्यावर पुन्हा सिमेंट, पुन्हा चीर. आम्ही एका घरात जोडावर नारळाएवढा सिमेंटचा गोळा पाहिला, आणि त्यातूनही पाणी ठिबकतच होते.

असा जोड असेल तर काम सोपे आहे. सिमेंट हलक्या हाताने फोडून काढा. सोल्युशन लावलेले नसेल तर पाइप हलवून हलवून बाहेर निघतो. पाइपाचे टोक आणि सॉकेटची आतली बाजू साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा घालवा आणि पूर्ण कोरडी करा. कोरडी म्हणजे खरोखर कोरडी. पीव्हीसीचे सोल्युशन हे फेव्हिकॉलसारखे चिकटवणारे नसते. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवते आणि दोन तुकडे एकमेकांत मिसळून जातात. मध्ये पाणी किंवा माती असेल तर ते मिसळत नाहीत. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू जरा खरखरीत करा, धूळ पुसा, सोल्युशन न लावता एकदा बसवून पाहा आणि पाइप किती आत जातो त्याची पेन्सिलीने खूण करा. मग सॉकेटच्या आत पातळ आणि पाइपाच्या टोकावर जरा जाड असा सोल्युशनचा थर ब्रशने फिरवा, लगेच खुणेपर्यंत दाबा, दाबताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट तसेच धरून ठेवा. सोडले तर पाइप मागे सरकतो. बाहेर आलेले सोल्युशन पुसून घ्या. रात्री काम करून सकाळपर्यंत मोरी बंद ठेवली तर उत्तम.

सोल्युशन लावलेला जोड गळत असेल तर तो सुटत नाही. मग एल्बोच्या अलीकडे पाइप कापावा लागतो आणि नवा एल्बो आणि कपलर बसवावा लागतो. सरळ कापण्यासाठी कागदाची पट्टी पाइपाभोवती कडा जुळवून गुंडाळा आणि तिच्या कडेने रेघ ओढा. हॅकसॉ ब्लेडने सावकाश कापा. कापलेल्या कडेचे तुसे आतून-बाहेरून घासून काढा. आत राहिलेल्या तुशांत केस अडकतात आणि तिथेच पुन्हा तुंबते. दुकानात जाताना कापलेला तुकडा बरोबर न्या. तोंडी माप सांगून आणलेला एल्बो परत करायला दुसरी फेरी मारावी लागते.

आणि ही गोष्ट चुकवू नका: सॉकेटचे रुंद तोंड वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला हवे. वरचा पाइप खालच्या तोंडात शिरला पाहिजे. उलटे बसवले तर वाहत्या पाण्याची धार दर वेळी जोडाच्या फटीवरच येते. वस्तीत उलटे बसवलेले जोड आम्ही इतके पाहिले आहेत, की आता गल्लीतून चालतानाही नजर तिकडेच जाते.

सोल्युशनबद्दल आणखी दोन शब्द. त्याची वाफ पेट घेते, म्हणून जवळ शेगडी, विडी, मेणबत्ती नको. दार-खिडकी उघडी ठेवा. गरोदर बाई आणि दम्याचा रुग्ण यांनी हे काम करू नये. डबा सर्वांत लहान घ्या आणि उरला तर दुकानदाराला, प्लंबरला देऊन टाका किंवा कुलपात ठेवा. असले सोल्युशन हुंगण्याची सवय लागलेली मुले आपल्या वस्त्यांत आहेत, हे आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. आपल्या घरातला अर्धा डबा त्यांच्या हाती लागू नये.

उभ्या पाइपालाच चीर गेली असेल, आणि चीर दोन-चार इंचांची असेल, तर पाइप न बदलताही काम होते. त्याच मापाच्या पाइपाचा चिरेपेक्षा दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच मोठा तुकडा घ्या आणि तो उभा असा कापा की अर्ध्या गोलाईपेक्षा जरा जास्त भाग राहील. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग तुकड्याच्या आतल्या बाजूला आणि पाइपाला सोल्युशन लावून तो तुकडा चिरेवर दाबून बसवा आणि वाळेपर्यंत तारेने किंवा दोरीने घट्ट बांधून ठेवा. वेस्ट पाइपात दाब नसतो, पाणी फक्त उतरते, म्हणून हे ठिगळ टिकते. नळाच्या पाइपाला असे ठिगळ लावू नका.

हातात पैसे नाहीत, सामान नाही, आणि आजची रात्र काढायची आहे, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा, कोरड्या जोडावर ताणून ताणून एकावर एक गुंडाळा आणि तारेने बांधा. एम-सील वापरायचे तर त्याचे दोन्ही भाग सारखे घ्या, एकच रंग येईपर्यंत मळा आणि पंधरा-वीस मिनिटांत लावून संपवा. ओल्यावर लावले तर ते पापडासारखे सुटून येते. पीव्हीसीवर एम-सीलचा भरवसा काही महिन्यांपुरताच धरा.

जमिनीतली गळती

जाळीच्या कडेने पाणी मुरत असेल तर कडेचे जुने, पोकळ झालेले सिमेंट छिन्नीने कोरून काढा. नहाणी ट्रॅपच्या प्लास्टिकच्या कडेला धक्का लागू देऊ नका. ती फुटली तर काम फार वाढते. जागा धुऊन घ्या. एक वाटी सिमेंटला तीन वाट्या चाळलेली बारीक वाळू, आणि त्यात वॉटरप्रूफिंगचे द्रव पाकिटावर सांगितल्याएवढे. आधी कोरलेल्या जागेला नुसत्या सिमेंटच्या पातळ पाण्याचा हात द्या आणि तो ओला असतानाच माल दाबून भरा. उतार जाळीकडे ठेवा. सिमेंट आवळले की वर ओले गोणपाट टाका आणि एक दिवस मोरी बंद ठेवा. एक दिवस मोरी बंद म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. शेजारणीला आधी विचारून ठेवा, उद्या तिचीही मोरी गळणार आहे. लाद्यांचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरता येतात. सिमेंटने कातडी भाजते, म्हणून इथेही मोजे.

जाळीखालची वाटी कोणी काढून टाकू नये. पाणी लवकर जाते म्हणून ती फेकून देणारी घरे आम्ही नेहमी पाहतो. त्या भांड्यात जे दोन इंच पाणी साचून राहते, तेच गटारातला वास आणि झुरळे घरात येऊ देत नाही. गावाला जाऊन आलात आणि घरात वास येत असेल तर ते पाणी आटलेले असते, मगभर पाणी ओता.

पाइप पुन्हा का गळतो?

आडव्या पाइपाला दर तीन फुटांवर क्लॅम्प हवा. क्लॅम्प नसला की पाइप पोटात लोंबतो आणि जोड उघडतात. उतार दर फुटाला पाव इंच पुरतो. पाइपाला कपड्यांची दोरी बांधू नये, सायकलची साखळी अडकवू नये. मोठ्या पातेल्यातले उकळते पाणी तसेच मोरीत ओतल्याने पीव्हीसी मऊ पडतो आणि जोड वाकडे होतात, त्यात आधी थंड पाणी मिसळा. उन्हात वर्षानुवर्षे राहिलेला पाइप ठिसूळ होतो, त्याला रंगाचा हात दिला तर तो जास्त टिकतो.

आता नको ती कामे. जुन्या चाळींत करड्या रंगाचे सिमेंटचे पाइप असतात. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याला करवत किंवा ड्रिल लावू नका. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि पुढे अनेक वर्षांनी कर्करोगापर्यंत नेते. तो ओला करून, न फोडता, जाणकाराकडूनच बदलून घ्या. संडासाचा पाइप आणि मोरीचा पाइप एकाच ठिकाणी मिळत असतील तर तो जोडही घरी उघडू नका.

आणि चेंबर. चेंबर तुंबले म्हणून कोणीही, कितीही ओळखीचा असला तरी, आत उतरू नये आणि कोणाला उतरवू नये. आतला वायू पहिल्या-दुसऱ्या श्वासात माणसाला पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करण्याच्या कामाला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. मेलेल्यांची नावे वाचली तर ती कुठल्या वस्त्यांतली असतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

यावरून एक बोलणे आठवते. एका घरी आम्ही पाइप उघडायला बसलो तेव्हा तिथला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "ताई, गटाराचे काम आपण सोडले ना? मग पुन्हा हात कशाला घालायचा?" त्याचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. त्याच्या आजोबांना जन्मावरून दुसऱ्यांची घाण उपसावी लागली होती, आणि ते त्यांनी सोडले ते मोठ्या किमतीवर. पण ते काम लादलेले होते आणि दुसऱ्याच्या घरचे होते. ही मोरी त्याच्या घरची होती, आणि तिचे पाणी पंचवीस वर्षे त्याची आई टिपत होती. आम्ही त्याला एवढेच विचारले की पाइप तू बसवणार की आईने अजून टिपत राहायचे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग मोजे मागून घेतले. जोड त्याने चांगला बसवला, सॉकेट वरच्या तोंडाने.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरूने केली तर खर्च भाड्यातून वळता करत नाही. काम करण्याआधी गळतीचा फोटो काढा, मालकाला लेखी किंवा मोबाइलवर कळवा आणि सामानाची पावती ठेवा. भांडण करायचे तर कागद हातात असू द्या. गल्लीतले गटार किंवा सार्वजनिक पाइप फुटला असेल तर ते काम पालिकेचे. वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या, त्यावर गल्लीतल्या दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असे समजा.

गळतीच्या काळात घरात किंवा शेजारी जुलाब लागले असतील तर दुरुस्तीची वाट पाहू नका. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी संपूर्ण कालवायचे, अर्धे पाकीट पेल्यात नाही. ते २४ तासांत वापरा, उरले तर फेकून द्या. लहान मुलाला ओआरएसबरोबर १४ दिवस झिंकची गोळी, सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम आणि त्यावर पाच वर्षांपर्यंत २०. जुलाब थांबले तरी गोळी १४ दिवस पूर्ण करा. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसले तर लगेच दवाखाना. एकाच गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब किंवा कावीळ दिसली तर आशाताईला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा, म्हणजे पाण्याचा नमुना तपासला जाईल.

काम झाल्यावर मोजे, ब्लेड, छिन्नी साबणाने धुवा, हात कोपरापर्यंत धुवा, आणि काम केलेले कपडे वेगळे भिजत घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निळीची बादली ओता आणि जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा. पट्टी कोरडी राहिली तर आठ दिवसांनी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा पुन्हा तपासा. भिंत आतून वाळायला काही आठवडे लागतात. ती पूर्ण वाळल्याशिवाय रंग देऊ नका, आणि गाद्या तोवर भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.